जमिनीवर ठेवून दिलेलं

आधी माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला अजूनही नीट उमजत नाही. नातीच्या वहीची मागची कोरी पानं भरेपर्यंत किती चुका होतील ते सांगता येणार नाही. चौथीनंतर पेन्सिल हातात आली ती फक्त किराण्याची यादी लिहायला. तरी लिहायला बसले आहे, कारण हे तोंडाने सांगायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्यात.

डोळे मिटले की आधी ती दुपार येते... भादव्यातली. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, वाऱ्याची झुळूक नसतानाही तिची पानं एकमेकांना घासत कुजबुजत असलेली, आणि गावाबाहेरच्या तिवाट्यावर, जिथे पिंगळीची, आमच्या मळ्याची आणि वस्तीची अशा तीन वाटा एकमेकींना भेटतात तिथे, पळसाच्या पत्रावळीत ठेवलेला एक नारळ. नारळाला कुंकवाची बोटं, भोवती दहीभात, एक चिरलेलं लिंबू, आणि भातात खोचलेली दोन नाणी. ऊन इतकं कडक की नाण्यावरून उठलेली तिरीप आमच्या माळवदापर्यंत, थेट माझ्या डोळ्यांत यायची. मी नऊ वर्षांची होते. अंगात ताप होता. आणि तो नारळ माझा होता — म्हणजे माझ्या अंगावरून सात वेळा उतरून तिथे नेऊन ठेवलेला होता.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून बैलगाडीने तासाभराच्या वाटेवर. दुपारच्या पॅसेंजरची शिट्टी शेतं ओलांडून आमच्यापर्यंत यायची तेव्हा ती लोखंडाची राहिलेली नसे. लांब कुणीतरी कुणाला हाक मारतंय आणि उत्तर मिळत नाही, अशी ती वाटायची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांची जमीन इतकी होती की तिच्या पलीकडच्या बांधावर मी कधी पायी गेले नव्हते. किसन आमच्याकडे सालदार होता. वर्षभराच्या ज्वारीवर आणि ठरलेल्या रकमेवर तो आमच्या बैलांचं, नांगराचं, पाण्याचं सगळं बघायचा. तो चाळिशीचा होता आणि मी नऊ वर्षांची, तरी "किसन, अरे इकडं ये" असं मी म्हणायची आणि "काय ताई" असं तो म्हणायचा. यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटल्याचं आठवत नाही. मला तरी नाही... त्याचं मी कसं सांगू.

किसनच्या लोकांनी आमच्या जन्माच्या आधीच जुना धर्म सोडला होता. त्यांच्या घरात देव नव्हते, अंगारे-धुपारे नव्हते. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती आणि तिच्याखाली एक उदबत्ती जळायची. पण आमच्या घराचा रिवाज त्यांनी काय सोडलं याच्याशी बांधलेला नव्हता. वस्तीवरच्या माणसाला आमच्याकडे काहीही हातात दिलं जात नसे. जमिनीवर ठेवायचं, दोन पावलं मागे सरायचं, मग त्यांनी उचलायचं. भाकरी असो, सालाची ज्वारी असो, कान तुटलेल्या कपातला चहा असो, दिवाळीचं लुगडं असो. माझी आई वाईट नव्हती हो. भाकरीवर ती लोणच्याची फोडसुद्धा ठेवायची. पण ठेवायची जमिनीवरच.

किसनची थोरली मुलगी सुजाता माझ्याच वर्गात होती. आम्ही परसदाराच्या पायऱ्यांवर गजगे खेळायचो. सागरगोट्यांना आमच्याकडे गजगे म्हणतात. करड्या रंगाच्या, गुळगुळीत, थंडगार बिया, हातात घेतल्या की कुणाच्या तरी मिटलेल्या डोळ्यांसारख्या लागायच्या. मी वरच्या पायरीवर बसायची, ती खालच्या. माझा डाव संपला की मी गजगे दगडावर ठेवायची आणि हात मागे घ्यायची, मग ती उचलायची. तिचा डाव संपला की तीही तसंच करायची. आम्हाला हे कुणी शिकवलं ते आठवत नाही. खेळाचा तो एक नियमच होता, जसे इतर नियम असतात तसा. तिच्या कडेवर नेहमी तिची धाकटी बहीण असायची, छबी, तीन वर्षांची. छबीला मात्र तो नियम ठाऊक नव्हता. ती कधी कधी खाली वाकून एक गजगा उचलायची आणि माझ्या हातात द्यायला यायची. मग सुजाता तिला घाईघाईने मागे ओढायची.

त्या वर्षी भादव्यात मला दिवसाआड ताप येऊ लागला. घरात महालक्ष्म्यांची तयारी चाललेली. चुन्याचा ओला वास, डाळ भाजल्याचा वास, पेटीतून काढलेल्या जुन्या शालूंचा कापराचा वास, आणि या सगळ्यांच्या खाली माझ्या गोधडीचा आंबूस वास. चिंचेने घासून लखलखीत केलेले महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे माझ्या बाजेशेजारच्या पाटावर उताणे ठेवलेले असायचे. त्यांना अजून धड नव्हतं, हात नव्हते. नुसते दोन चेहरे आढ्याकडे बघत पडलेले. ताप चढला की मला वाटायचं, दोघी श्वास घेतात. आणि मी श्वास रोखला की त्याही रोखतात...

पॅसेंजरची शिट्टी झाली की थंडी यायची, अगदी ठरल्यासारखी. पायाच्या अंगठ्यातून निघून गुडघ्यावर, मांडीवर, बरगड्यांत चढत जायची. मला वाटायचं ती गाडीतूनच उतरते आणि ज्वारीतून वाट काढत आमच्या घरापर्यंत चालत येते.

तिसऱ्या खेपेला आईने उतारा टाकला. माझ्या अंगावरून पत्रावळ ओवाळली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली, आणि टळटळीत दुपारी पदर डोक्यावरून पुढे ओढून ती तिवाट्याकडे गेली. उतारा घेऊन जाणाऱ्याने कुणाशी बोलायचं नसतं, आणि ठेवून निघाल्यावर मागे वळून बघायचं नसतं. परत आल्यावर दारातच पाय धुऊन ती माझ्या कपाळाला हात लावत म्हणाली, "आता गेलं बघ. जो कुणी ते उचलील त्याच्या मागं जातंय ते. तू निज."

"आन कुणी उचललंच न्हाई तर?"

आईने माझी उशी सारखी केली. गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि मुखवट्यांवर फडकं टाकलं.

मी जिन्याच्या पायऱ्या रांगत चढून माळवदावर गेले आणि कठड्याच्या फटीतून तिवाट्याकडे बघत बसले. ज्याला ते दिसायचं तो माणूस रस्ता सोडून ज्वारीत शिरायचा आणि पुढे जाऊन पुन्हा रस्त्यावर यायचा. बैलसुद्धा अंग चोरून जायचे असं मला वाटायचं. भात कुत्र्याने खाल्ला, लिंबू चाकाखाली गेलं, नारळ तसाच राहिला. एक दिवस, दोन दिवस. कुणी उचलला नाही, आणि शिट्टी झाल्यावर थंडी पुन्हा चढली. मग आईने दुसरा उतारा टाकला, पहिल्याहून मोठा. नवा नारळ, आणि भातात सव्वा रुपया... एक बंदा रुपया, वर चार आणे. पुन्हा तेच. माणसं ज्वारीतून जात राहिली.

त्या दुपारी मी परसदाराशी गेले. सुजाता छबीला घेऊन खालच्या पायरीवर उभी होती, मी खेळायला येते का ते बघत. ती माझ्याच वयाची, पण मला तुमी म्हणायची.

"सुजे, तिवाट्यावर नारळ पडलाय."

"कुणाचा?"

"कुणाचाच न्हाई. गाडीतून पडला असंल. पैसे बी हायत."

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. "मग ताई, तुमी कामून न्हाई घेतला?"

"मला ताप हाय. मला बाहेर जाऊ देईनात."

नारळ म्हटल्यावर छबी टाळ्या वाजवायला लागली होती. सुजाताने तिला कडेवर नीट सावरलं आणि ती गेली. मी पुन्हा वर चढले. माझे दात वाजत होते, पण ते थंडीने की कशाने, ते आज सांगता येणार नाही. ज्वारीमधल्या पांढऱ्या रस्त्यावरून त्या दोघी एकच सावली घेऊन चालल्या होत्या. तिवाट्यावर सुजाता बसली. नारळ उचलला, नाणी उचलून फ्रॉकला पुसली. आणि वस्तीच्या वाटेला लागली. एकदाही तिने मान वळवली नाही. वळवली ती छबीने. बहिणीच्या खांद्यावरून तिने मागे बघितलं... आमच्या माळवदाकडे, कठड्याच्या त्या फटीकडे, माझ्याकडे. आणि गजगा द्यायला यायची तसा हात पुढे केला.

माझा ताप त्या दिवसापासून गेला.

खरं सांगायचं तर त्याच्या आदल्या संध्याकाळी दादांनी परभणीहून डॉक्टरांना जीपमधून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि तपकिरी बाटलीत कडूजहर गोळ्या ठेवून गेले. पहिल्याच गोळीने मला ओकारी आली होती. पण घरात सगळे म्हणाले, उतारा लागू पडला. मलाही तेच पटलं. गोळी मी पोटात गेलेली बघितली नव्हती. नारळ जाताना बघितला होता.

महालक्ष्म्या बसल्या. मुखवट्यांना धड मिळालं, हात मिळाले, अंगावर शालू आले. मी नवा परकर नेसून त्यांच्यापुढे बसले तेव्हा मला त्यांची भीती वाटली नाही. पुरणाचा वास सगळ्या गल्लीत भरून राहिला होता. उष्टी-खरकटी निघाल्यावर सुजाताची आई गयाबाई परसदारी आली. आईने तिच्यापुढे पुरणपोळ्या ठेवल्या. जमिनीवर, पानावर. तिने त्या उचलल्या नाहीत. म्हणाली, "आईसाहेब, छबीला थंडी वाजून यायलीय. दिसाआड. दुपारीच येतीय बगा."

"तुळशीचा काढा दे गं. मिरे घाल त्याच्यात," आई म्हणाली, आणि आत जाऊन गुळाचा खडा आणून पोळ्यांशेजारी ठेवला. मनापासून ठेवला. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही, हे मी शपथेवर सांगते. गोळ्या आपल्यासाठी असतात आणि काढा त्यांच्यासाठी, हे तिला पाऊस-उन्हासारखं माहीत होतं. त्याचा विचार करायचा असतो हेच तिला माहीत नव्हतं.

पण माझ्या मनात आलं होतं. मी देवाच्या कोनाड्याखाली बसले होते आणि गोळ्यांची बाटली वर कोनाड्यात, माझ्या डोक्यावर होती. आत किती गोळ्या उरल्या आहेत तेही मला ठाऊक होतं. मी मोजल्या होत्या. अकरा. आई, त्या दे ना तिला, एवढं म्हणायचं होतं. मी बोलले नाही. लोक म्हणतील लाजाळू पोर, मोठ्यांत कशी बोलणार. तसं नव्हतं ते. मला वाटत होतं, ताप कुठेतरी असायलाच हवा. माझ्यात नाही तर तिच्यात. तिच्यातून निघाला तर रस्ता त्याला माहीत आहे. तो तिवाट्यावरून पुन्हा आमच्याच घराकडे येईल. म्हणून मी तोंड मिटून बसले. एवढं बारकं पोर होते मी, आणि बरं राहणं एकाच्याच वाट्याला येतं असं मला ठाम वाटत होतं... ते मला कुणी शिकवलं, गजग्यांच्या नियमासारखंच, तेही आठवत नाही.

सर्वपित्री अमावस्येच्या आधी छबी गेली. आमच्या घरी बातमी किसननेच सांगितली, दादांना, गोठ्याच्या दारात उभं राहून. आणि सांगून झाल्यावर वैरण टाकायला गेला.

सुजाता पंधरा दिवसांनी शाळेत आली. मधल्या सुट्टीत, परसदारी, कुठेच ती माझ्याकडे आली नाही. एकदा धीर करून मी पाचही गजगे तिच्यापुढे ठेवले आणि हात मागे घेतला. तिने उचलले नाहीत. दगडावर ते पाच गजगे झाडलोट होईपर्यंत तसेच पडून होते. मीही उचलले नाहीत. मला त्यांना हात लावायचं भ्या वाटायला लागलं होतं.

बाटली वर्षभर कोनाड्यात राहिली. पुढच्या पावसाळ्यात दमट हवेने गोळ्यांचं पीठ झालं, आणि आईने ते तुळशीच्या आळ्यात ओतलं.

चौथीनंतर गावात शाळा नव्हती. पाचवीला पिंगळीला पायी जावं लागायचं, आणि मोठ्या घरच्या पोरींनी रस्त्याने पायी जायचं नसतं. सुजाता जायची. रोज सकाळी पाठीला दप्तर लावून ती तिवाटा ओलांडायची, आणि मी माळवदावर सांडगे वाळत घालताना तिला बघायची, ज्वारीत दिसेनाशी होईपर्यंत. कित्येक वर्षं मी मनाशी म्हणत आले की झाली फिटंफाट, तिची बहीण गेली, माझी शाळा गेली. आता या वयात कळतं, हे तराजू लबाड होतं. माझी शाळा गेली तेव्हा मी पोटभर जेवून रडले होते. एका पारड्यात शाळा आणि दुसऱ्यात लेकरू, असं कुणी तोलतं का... पण मोठ्या घरात वाढलेल्या माणसाचा हात आपल्या बाजूची दांडी नकळत दाबतोच. त्याला ते दाबणं म्हणून कळतही नाही.

सतराव्या वर्षी माझं लग्न होऊन मी पालमला आले. पिंगळीची गाडी मागे राहिली, माळवद मागे राहिलं. छबी मात्र आली. दर भादव्यात, उन्हं डोक्यावर आली की, परसातल्या बाभळीपाशी, कधी एसटी स्टँडमागच्या मोकळ्या जागेत, कधी नुसती रस्त्याच्या उजेडात, एक बारकं लेकरू पाठमोरं उभं दिसायचं. मी बघायला लागले की ते मान वळवायचं. त्याचं वय वाढत नव्हतं. जवळ जावं तर शेळी असायची, नाहीतर वाळत घातलेलं पोतं, नाहीतर काहीच नसायचं. नवऱ्याला कधी सांगितलं नाही. खोबरं मात्र तेव्हापासून आजवर माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. लोकांना वाटतं मला पित्त होतं.

या वर्षीच्या भादव्यात माझी नात श्रुती तापली. सहा वर्षांची आहे. तिसऱ्या दिवशी थंडी वाजायला लागली तेव्हा सून म्हणाली, "आत्याबाई, आता परभणीलाच नेऊ." मुलगा कामासाठी बाहेरगावी होता. आम्ही दोघी लेकराला घेऊन एसटीत बसलो आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात आलो. फिनेलचा वास, लोखंडी खाटा, भिंतीवर ओल. सून औषधं आणायला खाली गेली होती, मी श्रुतीचे पाय चोळत होते.

"आजी, जरा सरा. सलाईन बघू द्या."

पांढऱ्या कपड्यातली सिस्टर होती, माझ्याच वयाची, केस पिकलेले. मी गडबडून उठले आणि म्हणाले, "लेकराला दुपारी थंडी येतीय बगा."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी पिंगळीकडच्या का हो? बोलणं तसं लागायलंय."

मी माहेरचं गाव सांगितलं, दादांचं नाव सांगितलं. सलाईनच्या नळीवरचा तिचा हात तिथंच थांबला.

"मी सुजाता," ती म्हणाली. "किसनरावांची."

किसनच्या नावापुढे राव मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. म्हणाले, "तुम्ही... तुम्ही इथं असता?"

"मला तुमी कामून म्हणायलाव, ताई?" ती हसली. "बसा. तवा तुमी वरच्या पायरीवर अन मी खाली. आता तुमी स्टुलावर अन मी दिवसभर उभी. पायाला गोळे येतेत."

दुपारी गर्दी ओसरल्यावर ती पुन्हा आली. श्रुतीला मलेरिया निघाला होता. "पोरीला काही होत न्हाई. गोळ्या वेळेवर मिळाल्यात," ती म्हणाली. तेव्हा मी सांगून टाकलं. इतकी वर्षं जिभेवर न आलेलं. तो नारळ गाडीतून पडला नव्हता, तो माझा उतारा होता, मी खोटं बोलले होते.

"ते व्हय?" सुजाताने श्रुतीचं पांघरूण सारखं केलं. "गाडीतून पडलेल्या नारळाला कुणी कुंकू लावून ठेवतंय का, ताई? नऊ वर्साची असले तरी खुळी न्हवते मी."

"मग कामून उचललास?"

"छबीला खोबरं पाहिजे होतं म्हणून. बाबा म्हणायचे, आपण ते सगळं सोडलंय, आता आपल्याला उतारा बी धरत न्हाई. तुमच्या गावानं आमाला लय नारळ खाऊ घातले. फुकट." हसता हसता ती थांबली. "तुमच्या परसातल्या हौदावर डास व्हते. तुमाला चावले, आमालाबी चावले. तुमच्याकडं डॉक्टर आला. एवढंच झालं. पण मायला न्हाई पटलं ते. तो सव्वा रुपया तिनं मरेपर्यंत चिंधीत बांधून ठेवला. घरात मीठ नसताना बी खर्चू दिला न्हाई. बाबा लय चिडायचे. दोन वर्सं झाली माय जाऊन. जाताना म्हणली, ज्याचा त्याला दे. मी मानत न्हाई असलं काही. पण तिला शब्द दिलाय."

माझी नजर श्रुतीकडे गेली. तिचे ओठ कोरडे पडले होते, डोळे अर्धवट उघडे, पांढरे. आणि माझ्या आत नऊ वर्षांची पोर कठड्याआड दबून बसली... ते पैसे परत घेतले तर त्यांच्यामागून काय येईल? या खाटेकडे येईल? मी तोंडाने म्हणायलाच लागले होते की राहू दे आता, कशाला, देवाच्या पेटीत टाक. पण त्याआधी एक सांगायचं राहिलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला काही नाकारताही येत नव्हतं, घेताही येत नव्हतं.

"सुजाता, त्या गोळ्या उरल्या होत्या आमच्याकडं. कोनाड्यात. तुझी आई परसदारी आली होती ना महालक्ष्म्यांत, तेव्हा त्या माझ्या डोक्यावर होत्या. मला माहीत होतं. मी बोलले न्हाई."

सलाईनचे थेंब पडताना दिसत होते, एक, एक.

"किती होत्या?" तिने विचारलं.

"अकरा."

"तीन वर्साच्या लेकराला तीन बी लागत न्हाईत," ती म्हणाली. सिस्टर जसं सांगते तसं, सरळ आवाजात. मग पलीकडच्या खाटेवरची बाई हाक मारत होती तिकडे गेली, आणि त्या दिवशी पुन्हा आमच्या खाटेकडे आली नाही. श्रुतीची गोळी दुसऱ्या सिस्टरने आणून दिली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या पुढे, जंक्शनवर कुठल्यातरी गाडीची शिट्टी झाली. माझं अंग आपोआप आखडलं. श्रुती झोपली होती. मी तिच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून बसले, थंडी चढते का ते बघत. वॉर्डच्या दारात उजेड इतका होता की बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. त्या उजेडात कुणाचं तरी बारकं लेकरू पाठमोरं उभं होतं. मी बघत राहिले. त्याने मान वळवली नाही. त्याच्यामागून सुजाता आत आली. घरच्या साडीत होती, तिची सुट्टी असावी. हातात मळकी, लाल चिंधी होती.

"काल घरी जाऊन लय विचार केला," ती उभ्यानेच म्हणाली. "वाटलं, देऊच नये. नाल्यात फेकून द्यावेत."

"मग?"

"मग कुणीतरी उचलील की, ताई."

तिने चिंधीची गाठ दातांनी सोडवली. आणि माझी नजर खाली गेली, फरशीवर. माझ्या पायांपुढे जागा मोकळी आहे का ते माझे डोळे आपोआप शोधत होते. तिला ते दिसलं.

"खाली न्हाई," ती म्हणाली. "हात पुढं करा."

मी श्रुतीच्या पायावरचा हात काढला आणि पुढे केला. सुजाताने नाणी माझ्या तळहातावर ठेवली. तिची बोटं क्षणभर माझ्या तळव्याला लागली, कोरडी, ऊबदार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नाणी मात्र थंडगार होती, भर दुपारी. रुपयाच्या कडेला कुंकवाची काळी पडलेली रेघ अजून होती. चार आणे आता बाजारात चालतही नाहीत.

"मोजून घ्या," ती म्हणाली. "आता तुमचं आमच्याकडं काही न्हाई."

मी मोजले. बंदा रुपया, आणि वर चार आणे. सव्वा रुपया. पुरा होता.